खैरलांजीच्या निकालातून जात कुठे गेली?

द्वेषातून घडणाऱ्या गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा कशाला, असं विचारणाऱ्यांचा आक्षेप अगदी साधा असतो आणि म्हणूनच तो जड असतो. खून तो खूनच. मारणाऱ्याच्या मनात लोभ होता, सूड होता की जातीचा तिरस्कार, यानं मेलेल्याला काय फरक पडतो? भारतीय दंड संहितेत कलम ३०२ होतं, आता भारतीय न्याय संहितेत कलम १०३ आहे. फाशीच्या पुढे शिक्षाच नाही. मग आणखी एक कायदा करून काय साधायचं?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. म्हणून तो जिथे सर्वांत भक्कम दिसतो तेच प्रकरण इथे तपासायला घेतलं आहे. खैरलांजीत चौघांना मारलं गेलं. खून सिद्ध झाला. सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. साधा फौजदारी कायदा जेवढं करू शकतो तेवढं सगळं त्यानं केलं. तरीही त्या निकालानं महाराष्ट्रातल्या दलित समाजाचं समाधान झालं नाही. फाशी होऊनही यांची तक्रार कशाची, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. त्या नाराजीला भावनिक ठरवलं गेलं. माझ्या मते ती तक्रार कायद्याच्या भाषेतही बरोबर होती.

काय घडलं

खैरलांजी हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं लहान गाव. वस्ती मुख्यतः कुणबी आणि कलार समाजाची. दलितांची घरं मोजकीच. त्यातल्या एका बौद्ध कुटुंबात पाच माणसं होती: आईवडील, दोन मुलगे आणि बारावी झालेली मुलगी. एक मुलगा दृष्टीनं अधू होता. कुटुंबाची स्वतःची शेती होती आणि त्या शेतातून रस्ता नेण्यावरून गावातल्या इतरांशी वाद चालू होता. घरातली आई मागे हटणारी नव्हती. तिनं आपला हक्क सोडला नाही, मुलांना शिकवलं, गरज पडली तेव्हा तक्रारी केल्या. शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील, तेही दलित, या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहत.

३ सप्टेंबर २००६ रोजी या पोलीस पाटलांना खैरलांजीतल्या काही जणांनी बेदम मारलं. मारणारे कोण होते हे आई आणि मुलगी या दोघींनी पोलिसांना सांगितलं. २९ सप्टेंबरला त्या मारहाणीतल्या आरोपींना अटक झाली आणि त्याच दिवशी ते जामिनावर सुटले. त्याच संध्याकाळी जमाव या घरावर चालून आला. आई, मुलगी आणि दोन्ही मुलगे यांना मारून टाकण्यात आलं. मृतदेह कालव्यात टाकले गेले. वडील घरात नव्हते म्हणून वाचले.

यानंतरचे काही आठवडे हा या प्रकरणाचा दुसरा भाग आहे आणि कायद्याच्या प्रश्नासाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे. सुरुवातीला जी माहिती बाहेर आली तिच्यात ‘अनैतिक संबंधां’वरून गाव संतापलं, अशी कहाणी होती. म्हणजे चार माणसं मारली गेल्यावर पहिली चौकशी झाली ती मेलेल्या बाईच्या चारित्र्याची. मोठ्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी जवळपास महिनाभर या घटनेकडे लक्षच दिलं नाही. शवविच्छेदनात ढिसाळपणा झाला. लैंगिक अत्याचाराचा आरोप सुरुवातीपासून होता, पण वेळेवर नीट तपासणी न झाल्यानं त्याचा पुरावा उभाच राहिला नाही. नोव्हेंबरमध्ये विदर्भात आणि पुढे राज्यभर लोक रस्त्यावर आले. काही पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला आणि डिसेंबरअखेर अकरा जणांवर दोषारोपपत्र दाखल झालं.

निकाल

भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयानं १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जणांना दोषी ठरवलं, तिघांना सोडलं. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. खून, बेकायदा जमाव, पुरावा नष्ट करणं, एवढे गुन्हे सिद्ध धरले गेले. कट आणि विनयभंग सिद्ध झाला नाही. आणि अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९, म्हणजे आपण ज्याला अ‍ॅट्रॉसिटी कायदा म्हणतो, तो या प्रकरणाला लागू होत नाही असं न्यायालयानं म्हटलं.

१४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सहा जणांची फाशी रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. जातीच्या प्रश्नावर खंडपीठानंही सत्र न्यायालयाचाच निष्कर्ष कायम ठेवला. खुनामागे सूड होता, पोलीस पाटलांच्या मारहाणीत आपल्याला गोवलं या रागातून तो घडला, मृतांच्या जातीमुळे नव्हे, असा त्याचा अर्थ.

बचावलेल्या वडिलांचं जानेवारी २०१७मध्ये नागपुरात निधन झालं. हा जातीय अत्याचार होता असं न्यायालयानं म्हणावं, ही त्यांची मागणी शेवटपर्यंत तशीच राहिली.

शिक्षा वाढली असती का?

नाही. हे आधीच मान्य करायला हवं, कारण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या बाजूनं बोलणारे बरेच जण इथे चुकतात.

खैरलांजीत जे कलम लागू व्हावं अशी मागणी होती ते ३(२)(पाच). दंड संहितेखाली दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा, समोरची व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे या कारणावरून केला, तर त्याला जन्मठेप आणि दंड. दहा वर्षांच्या गुन्ह्याची शिक्षा हे कलम जन्मठेपेपर्यंत नेतं, त्यामुळे गंभीर मारहाणीच्या प्रकरणात त्यानं मोठा फरक पडतो. खुनाला मात्र मुळातच फाशी किंवा जन्मठेप आहे. सत्र न्यायालयानं तर या कलमापेक्षा जास्त शिक्षा दिली होती. तेव्हा द्वेषगुन्ह्याचा कायदा हवा तो जास्त वर्षं तुरुंगात टाकण्यासाठी, एवढंच जर कुणाचं म्हणणं असेल, तर खैरलांजी त्याच्या विरोधातलं उदाहरण आहे. जास्त कडक शिक्षेनं असे गुन्हे थांबतात यावर माझाही विश्वास नाही. संध्याकाळी जमाव जमवून साक्षीदारांच्या घरावर जाणारे लोक दंड संहितेची कलमं वाचून निघत नाहीत. आपल्याला कुणी विचारणार नाही या खात्रीनं ते निघतात. कायद्यानं काही करायचं असेल तर ते या खात्रीचं करायचं आहे.

३ ते २९ सप्टेंबर

म्हणून मला त्या सव्वीस दिवसांत रस आहे. दलित पोलीस पाटलाला मारहाण झाली आहे. दोन दलित बायकांनी आरोपी ओळखून दिले आहेत. त्या बायका आरोपींच्याच गावात राहतात आणि जमिनीचा वाद जुना आहे. खुनाचं कलम इथे काहीच करू शकत नाही, कारण खून अजून झालेला नाही. मारहाणीचं कलम मारहाणीपुरतं पाहतं. गावातलं भांडण, गुन्हा नोंदवा, अटक करा, जामीन द्या. प्रत्येक पायरी नियमाप्रमाणे झाली तरी शेवट कालव्यापाशी होऊ शकतो.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची रचना याहून वेगळी आहे आणि त्याच्यावर बोलताना हा भाग नेहमी सुटतो. हा कायदा गुन्हा घडण्याच्या आधी सुरू होतो. अत्याचारप्रवण भाग ओळखून ठेवण्याची जबाबदारी त्यात राज्य सरकारवर आहे. कलम १० खाली, गुन्हा करण्याची शक्यता असलेल्या माणसाला विशेष न्यायालय त्या भागातून बाहेर घालवू शकतं. कलम १७ जिल्हाधिकारी आणि पोलिसांना आगाऊ पावलं उचलण्याचा अधिकार देतं. १९९५च्या नियमांनुसार तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालचा अधिकारी करू शकत नाही, म्हणजे गावाशी रोजचे संबंध असलेल्या ठाण्यातून तपास वर उचलला जातो. अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. आणि कलम ४ नुसार, कर्तव्यात जाणूनबुजून हयगय करणारा सरकारी नोकर, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, किमान सहा महिन्यांच्या कैदेस पात्र ठरतो. निलंबन ही खात्याची अंतर्गत गोष्ट आहे. हयगय हा गुन्हा ठरणं ही वेगळी गोष्ट आहे.

यातलं बहुतेक सगळं २००६मध्ये कागदावर होतं. तरी काही झालं नाही, मग कायद्याचा उपयोग काय, हा पुढचा प्रश्न. उत्तर असं की ही यंत्रणा चालू व्हायला आधी कुणीतरी म्हणावं लागतं की हे प्रकरण जातीचं आहे. ठाण्यातल्या पहिल्या नोंदीत ‘गावचं भांडण’ लिहिलं गेलं की वरचा अधिकारी येत नाही, जिल्हाधिकाऱ्यापर्यंत गोष्ट जात नाही, साक्षीदारांची काळजी करण्याचं कारण उरत नाही. गुन्ह्याला त्याच्या खऱ्या नावानं ओळखण्याचा प्रश्न निकालाच्या दिवशी येत नाही. तो फिर्याद लिहिली जाते त्या दिवशी येतो आणि त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

२०१५च्या दुरुस्तीनं, जी २६ जानेवारी २०१६पासून अमलात आली, कायद्यात कलम १५अ आलं. पीडित, त्यांच्यावर अवलंबून असलेले आणि साक्षीदार यांना धमकावणी आणि हिंसेपासून संरक्षण देणं हे त्यानुसार राज्याचं कर्तव्य झालं. या कलमावर खैरलांजीचं नाव कुठे लिहिलेलं नाही. पण आरोपी ओळखून दिल्यामुळे मारल्या गेलेल्या दोन बायका डोळ्यांपुढे ठेवल्या तर ते का हवं होतं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सूड कशाचा?

आता मुख्य मुद्दा. उच्च न्यायालयानं सूड म्हटलं ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. सूड होताच. २९ तारखेला जामीन आणि त्याच संध्याकाळी हल्ला, यातून दुसरं काही निघत नाही. न्यायालयाची अडचणही समजून घेतली पाहिजे. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. तपासाचे पहिले आठवडे वाया गेलेले होते. कायद्याचे तेव्हाचे शब्द होते ‘या कारणावरून’, आणि ते कारण सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची होती.

पण सूड आणि जात या दोन वेगळ्या पेट्या आहेत, एकीत टाकलं की दुसरी रिकामी, असं धरून चालणं मला मान्य नाही. सूड कशाचा होता? दोन बायकांनी आरोपींची नावं सांगितली याचा. त्या बायका गावातल्या वरचढ समाजाच्या असत्या तर? भांडण झालं असतं, कदाचित मारामारीही झाली असती. पण जमाव घरात घुसून सबंध कुटुंब, त्यात साक्षीशी संबंध नसलेला दृष्टीनं अधू मुलगाही, संपवतो आणि गावातून कुणी आडवं येत नाही, हे घडलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात राहिलेला माणूस देऊ शकतो. जमावाचा राग साक्षीमुळे पेटला. त्या रागाला असं वागायची मुभा मिळाली ती समोरच्याच्या जातीमुळे. ‘यांची हिंमत कशी झाली’ हा राग बरोबरीच्या माणसावर काढला जात नाही.

हीच अडचण पुढेही दिसत राहिली. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातलं एक प्रकरण आलं. शेतात शिरलेली गुरं हाकलली म्हणून एकाला जिवे मारलं गेलं होतं. खालच्या जातीचा असून ठाकुरांची गुरं हाकलतोस कसा, असे शब्द हल्ल्याच्या आधी उच्चारले गेल्याचं नोंदीत होतं. तरीही गुन्हा जातीच्या कारणावरून झाला असं म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि ३(२)(पाच)खालची शिक्षा रद्द झाली. भांडणाला निमित्त गुरांचं होतं खरं. पण मारणाऱ्यानं कारण स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं असताना ते पुरेसं धरलं जात नसेल, तर मग पुरावा म्हणून काय आणायचं?

२०२१मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी या वाचनाला वेगळं वळण दिलं. दृष्टिहीन दलित मुलीवर बलात्कार झाला होता. बाई, दलित आणि अंध या तिन्ही ओळखी एकमेकींत मिसळून तिला असुरक्षित करतात, त्यातली एकच वेगळी काढून ‘फक्त’ तिच्यामुळे गुन्हा घडला का असं विचारता येणार नाही, ‘या कारणावरून’ म्हणजे ‘केवळ याच कारणावरून’ नव्हे, असं त्यांनी स्पष्ट केलं. माझ्या समजुतीनं खैरलांजीचा प्रश्न नीट मांडणारं हे विवेचन आहे, पंधरा वर्षं उशिरा आलेलं. तरी त्याही प्रकरणात ३(२)(पाच)खालची शिक्षा टिकली नाही, कारण जातीच्या मुद्द्यावर खटल्यात वेगळा पुरावाच आणलेला नव्हता. तत्त्व बरोबर सांगूनही हाती काही लागलं नाही, कारण तपास करणाऱ्यानं तो प्रश्न विचारलाच नव्हता. म्हणजे गाडी पुन्हा ठाण्यातल्या पहिल्या नोंदीपाशी.

ब्रिटनच्या १९९८च्या कायद्यानं ही फट मजकुरातच बुजवली आहे. वांशिक वैरभाव हा गुन्ह्यामागचा पूर्ण किंवा अंशतः हेतू असला तरी पुरे, इतर कारणंही होती म्हणून फरक पडत नाही, असं तिथे लिहिलेलं आहे. आपल्याकडे २०१५च्या दुरुस्तीनं दुसरी वाट धरली. ३(२)(पाच)मधलं ‘या कारणावरून’ काढून तिथे ‘माहीत असताना’ आलं. आरोपीला पीडिताची किंवा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरेल, उलट सिद्ध करायचं तर आरोपीनं करावं, असं कलम ८मध्ये जोडलं गेलं. खैरलांजी आज घडलं तर हा कायदा लागू होत नाही असं म्हणणं फार अवघड जाईल. गावात कुणाची जात काय हे कुणाला माहीत नसतं?

या बदलाची दुसरी बाजूही मला दिसते. ओळखीच्या दोघांतला निव्वळ पैशाचा वाद, त्यातून झालेली गंभीर मारहाण, त्यात एक जण दलित, तर जातीचा काही संबंध नसतानाही ‘माहीत असताना’ हे शब्द लागू होतात. मला स्वतःला ब्रिटनची शब्दयोजना जास्त प्रामाणिक वाटते. हेतूत जात अंशतः होती का हे न्यायालयानं खरोखर शोधावं, नुसत्या माहितीवर थांबू नये. पण संसदेनं सोपी वाट का धरली तेही समजतं. हेतू शोधा म्हणून सांगितलं, तेव्हा तो शोधला गेला नाही.

विरोधातले तीन मुद्दे

पहिला, विचारांना शिक्षा होते हा. हा आक्षेप अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विस्कॉन्सिन राज्यात १९८९मध्ये काही कृष्णवर्णीय तरुणांनी चौदा वर्षांच्या एका गोऱ्या मुलाला तो गोरा आहे म्हणून निवडून मारलं. तो चार दिवस बेशुद्ध होता. चिथावणी देणाऱ्याला त्या मारहाणीसाठी जास्तीत जास्त दोन वर्षं झाली असती, द्वेषगुन्ह्याच्या तरतुदीमुळे चार झाली. १९९३मध्ये न्यायालयानं एकमतानं सांगितलं की शिक्षा विचाराला नाही, त्या विचारानं माणूस निवडून केलेल्या कृतीला आहे. शिक्षा ठरवताना हेतू तर नेहमीच पाहिला जातो. आपणही लोभानं केलेला खून आणि अचानक चिथावणीनं झालेला मृत्यू यांना एकच शिक्षा देत नाही. या मुद्द्यावर अधिक थांबायची मला गरज वाटत नाही.

दुसरा जास्त अवघड आहे. अमेरिकेतला कायदा दोन्ही दिशांनी चालतो, वरच्या प्रकरणात तो कृष्णवर्णीयावरच चालला. आपला अ‍ॅट्रॉसिटी कायदा एकाच दिशेनं चालतो. जुलै २०१६मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत मराठा समाजाच्या एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिला मारलं गेलं, आरोपी दलित होते. त्यानंतर निघालेल्या मराठा मोर्च्यांत अ‍ॅट्रॉसिटी कायदा बदला ही मागणी पुढे आली. त्या मोर्च्यांत आलेल्या आयाबहिणींचं दुःख खरं होतं. पण कोपर्डीत साधा कायदा कुठे अडखळला? नोव्हेंबर २०१७मध्ये तिघांनाही फाशी सुनावली गेली. मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांनी पहिल्या आठवड्यांतच दखल घेतली. मुलीच्या चारित्र्यावर कुणी बोट ठेवलं नाही, आणि ठेवायला नकोच होतं. खैरलांजीत जे मिळवायला लोकांना रस्त्यावर यावं लागलं, तपास वर नेणं, मृतांवरचे डाग पुसणं, घटना दिसणं, ते कोपर्डीत व्यवस्थेनं आपणहून दिलं. संख्या, जमीन आणि ठाण्यातली ओळख ज्यांच्या बाजूनं नाही त्यांच्यासाठी वेगळी तरतूद लागते ती एवढ्याचसाठी. हा कायदा एका बाजूचा दिसतो, कारण गावातली ताकद एका बाजूला आहे.

तिसरा, गैरवापराचा. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २० मार्च २०१८ रोजी सांगितलं की गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करावी आणि अटकेआधी मंजुरी घ्यावी. २ एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेनं कलम १८अ आणून ती बंधनं काढली. पुढे न्यायालयानंही आपले निर्देश मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२०मध्ये दुरुस्ती वैध ठरवली. खोट्या तक्रारी असतात, त्या कुठल्या कायद्यात नसतात? पण प्राथमिक चौकशी ज्या ठाण्यानं करायची, ते ठाणं खैरलांजीत कुठलं होतं हे विसरून चालणार नाही. जमिनीच्या निव्वळ ताब्याच्या वादात, जिथे जातीवरून अपमान झालेलाच नाही, तिथे हा गुन्हा ठरत नाही हे न्यायालयानं २०२०मध्ये सांगितलेलंच आहे. चाळणी असावी, पण ती न्यायालयाच्या दारात. ठाण्याच्या दारात लावली तर पहिली नोंदच होणार नाही.

जातीबाहेरचे द्वेषगुन्हे

अ‍ॅट्रॉसिटी कायदा फक्त अनुसूचित जाती-जमातींपुरता आहे. धर्म, भाषा, प्रांत यांवरून होणाऱ्या हिंसेसाठी आपल्याकडे फार काळ काहीच नव्हतं. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळींबाबत राज्यांना निर्देश दिले आणि संसदेनं वेगळा कायदा करावा असं सुचवलं. तेव्हा तसा कायदा झाला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं २०१७मध्ये अशा गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करायला घेतली होती. ती विश्वासार्ह नाही म्हणून तो प्रयत्न बंद केल्याचं सरकारनं २०२१मध्ये संसदेत सांगितलं. गुन्ह्याची व्याख्याच नसेल तर प्रत्येक ठाणं आपापल्या समजुतीनं मोजणार, यात नवल काय? अनुसूचित जातींवरच्या अत्याचारांचं तसं होत नाही. २०२१मध्ये ५०,९०० आणि २०२२मध्ये ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले, हे आपण सांगू शकतो ते १९८९च्या कायद्यामुळे.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत कलम १०३(२) आलं. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. कलम ११७(४)मध्ये अशाच जमावानं केलेल्या गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. या यादीत ‘धर्म’ हा शब्द नाही. समुदाय आणि वैयक्तिक श्रद्धा यांत तो येतो असं म्हणता येईल, पण प्रत्येक खटल्यात ते आधी सिद्ध करत बसावं लागेल. चौघांनी मिळून मारलं तर कलम लागू नाही. एकट्यानं नाव विचारून भोसकलं तरी नाही.

आणि पुन्हा तेच शब्द: ‘कारणावरून’. कुठलाही बचाव पक्ष हेच म्हणेल की भांडण गाडी लागण्यावरून झालं, गुरांवरून झालं, पैशावरून झालं, मुलीवरून झालं. ते बऱ्याचदा खरंही असेल. ‘पूर्णतः किंवा अंशतः’ एवढे तीन शब्द या कलमात घालायला संसदेला फार वेळ लागू नये. पण त्यासोबत अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातल्या ज्या तरतुदी न्याय संहितेत आल्याच नाहीत त्याही लागतील: तपास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाणं, साक्षीदारांना संरक्षण देण्याचं बंधन, धोका दिसताच जिल्हाधिकाऱ्यानं हलणं आणि हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यावर गुन्हा. १०३(२)नं फक्त शिक्षा उचलली, आणि खुनाच्या शिक्षेत वाढवण्यासारखं तिथेही काही नव्हतं.